मार्कडाउन, आस्कीडॉक आणि पॅनडॉक: या चुका टाळा

मार्कडाउन आणि आस्कीडॉक म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून लिहायच्या पद्धती (मार्कअप), आणि पॅनडॉक हा त्यातून पीडीएफ, वर्ड अशा फाइली काढणारा प्रोग्राम. बहुतेकदा आधी एडिटर आवडतो, मग त्यात चालेल ती मार्कअप घेतली जाते आणि शेवटी नेमकी कोणती फाइल द्यायची आहे, हा प्रश्न सर्वांत उशिरा पडतो. हा क्रमच चुकीचा. शीर्षकं, याद्या, दुवे आणि थोडा कोड एवढंच असेल तर मार्कडाउन पुरे. जोडलेले कप्पे असलेले तक्ते किंवा प्रकरणांतले परस्परसंदर्भ हवे असतील तर सरळ आस्कीडॉक घ्या. मार्कडाउनच्या उभ्या रेघांच्या तक्त्यात दोन कप्पे जोडायची सोयच नाही. मग लोक एचटीएमएल घुसडतात. ब्राउझरमध्ये ते छान दिसतं, पण पॅनडॉकने लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीमार्गे पीडीएफ काढली की तक्ता मोडून नुसता मजकूर उरतो.

दुसरी चूक म्हणजे सगळं मार्कडाउन एकच समजणं. मार्कडाउनचे जनक जॉन ग्रुबर यांच्या २००४च्या मूळ रूपात रेघांचे तक्ते नव्हतेच. कॉमनमार्क हे नेमके नियम ठरवून दिलेलं रूप २०१४मध्ये आलं. परिच्छेदाच्या लगेच खालच्या ओळीवर डॅश देऊन यादी सुरू केली तर कॉमनमार्क ती यादी मानतं, पॅनडॉक मात्र डॅशसकट सगळं त्याच परिच्छेदात ओढतं. यादीआधी आणि शीर्षकाआधी एक ओळ रिकामी सोडा, म्हणजे दोन्हीकडे निभतं. ओळ तोडायला शेवटी दोन स्पेस देऊ नका. कित्येक एडिटर सेव्ह करताना त्या पुसून टाकतात. त्याऐवजी उलटी तिरकी रेघ द्या.

मराठी मजकुराची पीडीएफ हे खरं दुखणं. पॅनडॉक मुळात पीडीएफलाटेक हे लाटेकचं इंजिन वापरतं आणि ते देवनागरी अक्षरावर अडून बसतं. इंजिन झीलाटेक केलं की एरर जाते, पण पानं कोरी निघतात, कारण मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नसते. म्हणून 'मेनफॉन्ट' या सेटिंगमध्ये नोटो सेरिफ देवनागरीसारखा फॉन्टही द्यावा लागतो. तो संगणकावर बसवलेला हवा, आणि नाव काना-मात्रेसकट जुळायला हवं.

वर्ड फाइल काढून तिच्यात हाताने सजावट करत बसू नका. पुढच्या रूपांतरात ती जाणारच. पॅनडॉकला 'रेफरन्स-डॉक' म्हणून एक नमुना वर्ड फाइल द्या आणि तिच्यातल्या स्टाइल्स बदला. तिच्यातला मजकूर पॅनडॉक वाचत नाही, नुसत्या स्टाइल्स आणि पानाची मांडणी उचलतं. वर्डकडून मार्कडाउनकडे येताना पॅनडॉकचा 'एक्स्ट्रॅक्ट-मीडिया' हा पर्याय द्यायला विसरलात तर चित्रांची नावं येतील, चित्रं नाहीत.