23 पानांचं एकच फुटर

पंचवटीतल्या एका लॉजची वेबसाईट मी 2015च्या सिंहस्थाआधी केली होती. पीएचपीत (सर्व्हरवर पान तयार करणारी भाषा) 23 पानं, सगळी कॉपी-पेस्ट. ऐन गर्दीत शेठनी मोबाईल नंबर बदलला. नंबर प्रत्येक पानाच्या फुटरमध्ये, म्हणजे तळाच्या पट्टीत. रात्री बसून एकेक फुटर बदलत गेलो आणि ‘त्र्यंबकला कसं जायचं’ हे पान राहून गेलं. यात्रेकरू नेमकं तेच उघडत होते. जुना नंबर शेठच्या भाच्याकडे. चार दिवस तो पोरगा ‘गरम पाणी आहे का’ची उत्तरं देत बसला.

पहिला उपाय सगळेच करतात. वरचा भाग हेडर फाईलमध्ये, खालचा फुटरमध्ये, आणि प्रत्येक पानात दोन्हींना रिक्वायर, म्हणजे ती फाईल तिथे ओढून घेणारी आज्ञा. तेच काम करणारं इन्क्लूड नको. फाईल सापडली नाही तर इन्क्लूड नुसती वॉर्निंग देऊन पुढे पळतं आणि गिऱ्हाईकाला बिनमेनूचं पान दिसतं. रिक्वायर तिथेच थांबतं. पाथच्या आधी __डीआयआर__ लावा, म्हणजे फाईल जिथे आहे तिथूनच रस्ता मोजला जातो. पीएचपी 5.3पासून ही सोय आहे.

पण यात एक कटकट आहे. डिव्ह (पानाचे भाग पाडणारा एचटीएमएल टॅग) हेडरमध्ये उघडतो आणि बंद होतो फुटरमध्ये. एक जास्तीचा डिव्ह कुठे घुसला ते शोधताना दोन फाईली शेजारी उघडून बोटं ठेवून मोजायची! शिवाय हेडर आधी छापला जातो, तोवर खोलीचं नाव डेटाबेसमधून आलेलंच नसतं. मग टायटलमध्ये काय लिहिणार?

म्हणून आता मी उलटं करतो: आधी आतलं पान, मग चौकट. वर ओबी_स्टार्ट() लिहायचं. तिथून पुढचं एचटीएमएल ब्राउझरकडे न जाता बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठतं. पान संपलं की ओबी_गेट_क्लीन()ने ते काढून $मजकूरमध्ये भरायचं, $शीर्षकमध्ये टायटल, आणि शेवटच्या ओळीत लेआउट, म्हणजे चौकटीची फाईल, रिक्वायर. (हो, पीएचपीत व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. क्लायंटच्या कोडमध्ये मात्र मी ती हौस करत नाही.) लेआउट फाईलमध्ये पहिल्या टॅगपासून फुटरपर्यंत अख्खं पान सलग दिसतं आणि मधोमध $मजकूर एको केलेला, म्हणजे छापलेला. $शीर्षक छापताना एचटीएमएलस्पेशलचार्स() लावायचं; ते टॅगची चिन्हं साधी अक्षरं म्हणून दाखवतं. $मजकूरला लावलंत तर स्क्रीनवर सगळे टॅग अक्षरशः छापून येतील. त्यातल्या नावांना, दरांना ते आतच लावून घ्यायचं.

खोलीच्या कार्डाचीही वेगळी फाईल केली आणि ती फोरईचमध्ये, म्हणजे यादीतल्या प्रत्येक खोलीसाठी फिरणाऱ्या लूपमध्ये, बोलावली. सवयीने रिक्वायर_वन्स लिहून गेलो. ते एका रिक्वेस्टमध्ये एकदाच फाईल घेतं, त्यामुळे पहिलीच खोली दिसली. शेठचा फोन: “काय हो, बाकीच्या विकल्या का?” पुन्हा पुन्हा लागणाऱ्या तुकड्याला साधं रिक्वायर, वन्स फक्त फंक्शनांच्या फाईलींना.

आणि निव्वळ पीएचपीच्या फाईलीत पीएचपीचा शेवटचा बंद करायचा टॅग (?>) लिहूच नका. त्यानंतर चुकून राहिलेल्या रिकाम्या ओळी आधीच बाहेर पडतात आणि रीडायरेक्टच्या वेळी (दुसऱ्या पानावर पाठवताना) ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ ही एरर डोळे वटारते.

चालू साईट एकदम मोडायला घेऊ नका. एक पान नव्या लेआउटवर न्यायचं, मोबाईलवर उघडून बघायचं, मग पुढचं. मी सुरुवात त्र्यंबकच्या पानापासून केली.