गोणीतले बटाटे: लावायचे कधी, भर द्यायची कशी

कांदा-बटाट्याच्या टोपलीत तळाशी राहिलेल्या बटाट्याला कोंब फुटलेला दिसला की हात शिवशिवतात. मीही पहिल्यांदा तेच केलं. जूनचा पहिला पाऊस झाला आणि पुण्यातल्या आमच्या गच्चीवर चार बटाटे कुंडीत खोचले. झाडं मांडीएवढी वाढली, इतकी हिरवीगार की शेजारच्या काकू खास बघायला वर आल्या. ऑगस्टअखेरीस कुंडी पालथी केली तर निघाले गोट्यांएवढे सात बटाटे. रश्श्यात टाकले तेव्हा शोधावे लागले.

चूक खताची नव्हती, महिन्याची होती. बटाटा थंडीचं पीक आहे. रात्री १५ ते २० अंशांच्या आसपास असल्या तरच झाड पानांत तयार झालेलं अन्न खाली नेऊन साठवतं. रात्री उबदार असल्या तर सगळी ताकद पाल्यात जाते. मग आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा कसा होतो? पठारावरची हवा त्या दिवसांतही गार असते म्हणून. आपल्या गच्चीला ते भाग्य नाही. देशावर आणि विदर्भात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावा. दिवाळीची आवराआवर झाली की बटाट्याला हात घालायचा, हे लक्षात ठेवायला सोपं. मुंबई-कोकणात नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबा, लवकर येणारी जात घ्या आणि अपेक्षा थोडी कमी ठेवा.

बियाणं

बटाट्याचं ‘बी’ म्हणजे बटाटाच. आपल्याकडच्या बहुतेक जातींच्या नावामागे ‘कुफरी’ लागतं, ते सिमल्याजवळच्या कुफरी गावावरून. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सिमल्यातच आहे. घरासाठी कुफरी चंद्रमुखी किंवा कुफरी लवकर बरी. हा ‘लवकर’ आपला मराठीतलाच, आणि जात नावाला जागते. कुफरी ज्योतीही चांगली, पण तिला जास्त दिवस लागतात. मंचरच्या बाजारात पंजाबातून बियाण्याच्या गोण्या येतात. आपल्याला अख्खी गोणी नको असते, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा रोपवाटिकेतून किलोभर मागून घ्या.

भाजीवाल्याकडचे बटाटे चालतात का? चालतात, पण खात्री नाही. काहींवर कोंब येऊ नयेत म्हणून शीतगृहातच प्रक्रिया केलेली असते, काहींत आधीच रोग असतो. नुकताच काढलेला तजेलदार बटाटा तर दीड-दोन महिने झोपलेलाच असतो. त्याला मातीत घातलं तरी तो उठत नाही. थोडा सुरकुतलेला, डोळे फुगू लागलेला बटाटा निवडा.

लावण्याआधी दोन-तीन आठवडे हे बटाटे अंड्यांच्या ट्रेमध्ये, जास्त डोळ्यांची बाजू वर करून, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. उजेडात कोंब आखूड, जाड, हिरवट-जांभळे येतात. अंधाऱ्या कपाटात ठेवलात तर दोऱ्यासारखे पांढरे कोंब फुटतात आणि लावताना हातातच मोडतात.

कोंबडीच्या अंड्याएवढा बटाटा अख्खा लावा. मोठा असेल तर उभा कापा, कारण डोळे एका टोकाला गर्दी करून असतात. आडवा कापलात तर एका तुकड्याला सगळे डोळे आणि दुसऱ्याला जवळपास काहीच नाही. प्रत्येक तुकड्याला किमान दोन डोळे हवेत. काप सावलीत एक-दोन दिवस सुकू द्या. ओला काप मातीत सडतो. मी स्वतः आता कापतच नाही.

गोणी आणि माती

तांदळाची २५ किलोची रिकामी गोणी उत्तम. तळाला आणि खालच्या कडेला दहा-बारा भोकं पाडा आणि काठ बाहेरच्या बाजूला गुंडाळत निम्म्यापर्यंत खाली आणा. एक धोका सांगून ठेवते: प्लॅस्टिकची विणलेली गोणी उन्हाने कुजते. शेवटी-शेवटी ती उचलायला गेलं की हातात चुरा येतो. म्हणून जिथे दिवसाचे सहा तास ऊन मिळेल अशी जागा आधीच ठरवा आणि मग गोणी हलवू नका.

दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा पालापाचोळ्याचं खत. माती मुठीत दाबून सोडली की भुगा झाला पाहिजे. ताजं शेण आणि चुलीतली राख नको, त्याने सालीवर खवड्या पडण्याची शक्यता वाढते. गेल्या हंगामात टोमॅटो, वांगी किंवा मिरची लावलेली मातीही नको. ही सगळी एकाच कुळातली, रोगही वाटून घेतात.

गोणीत वीतभर मिश्रण घाला, कोंब वर करून तीन बटाटे ठेवा आणि वर चार बोटं माती पसरा. जमिनीत लावणार असाल तर दोन सरींत दीड-दोन फूट आणि दोन बटाट्यांत वीतभर अंतर ठेवा. कोंब वर येईपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा दिवस, पाणी बेतानेच द्या.

भर देणं

खरं काम हे आहे. बटाटा मूळ नव्हे, खोड आहे. जमिनीखाली झाडाच्या बुडातून आडव्या फांद्या निघतात आणि त्यांची टोकं फुगतात, तेच बटाटे. झाड वीतभर उंच झालं की शेंड्याची चार-पाच पानं उघडी ठेवून बाकीचा दांडा मातीने झाका, गोणीचा काठ तेवढा वर उलगडा. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच, लागलं तर तिसऱ्यांदाही. माती कमी पडली तर भाताचा पेंढा किंवा सुका पाला जाड थरात दाबून घाला.

जितके थर तितके बटाटे, छातीएवढी गोणी भरून निघेल, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. लवकर येणाऱ्या जातींत बटाटे बुडापाशीच धरतात. वरचे थर उकरून पाहिलेत तर मातीच मिळेल. भर द्यायची ती अंधारासाठी. उजेड लागला की बटाटा हिरवा पडतो, त्यात सोलानिन वाढतं, चव कडवट होते, आणि हे विष शिजवून जात नाही. पाणी घालताना कुठे माती वाहून गेली आणि गुळगुळीत पाठ दिसू लागली, की लगेच झाका. उघड्या बटाट्यावर पाकोळी, म्हणजे बटाट्यावरचा छोटा पतंग, अंडीही घालते.

दुसऱ्या भरीच्या वेळी ओंजळभर गांडूळखत पुरे. नत्र जास्त झालं की पुन्हा पालाच पाला.

पाणी सकाळी, बुंध्याशी द्या. पानं रात्रभर ओली राहिली आणि वर ढगाळ, धुकट हवा आली की करपा धरतो: पानावर पाण्याने भिजल्यासारखे काळपट डाग, आणि सकाळी पान उलटवलं तर डागाच्या कडेला पांढरी बुरशी. अशी पानं काढून घराबाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. मावा दिसला तर निंबोळी अर्क फवारा. कधीकधी फुलांनंतर छोट्या हिरव्या टोमॅटोसारखी फळं धरतात. ती विषारी असतात, घरात लहान मुलं असतील तर तोडून टाका. फुलं आलीच नाहीत तरी काही बिघडत नाही.

काढणी

लवकर आणि चंद्रमुखी साधारण ८० ते ९० दिवसांत तयार होतात, ज्योतीला शंभरच्या वर लागतात. पाला पिवळा पडून लोळू लागला की पाणी तोडा. आठवड्याने पाला जमिनीलगत कापा आणि आणखी आठ-दहा दिवस बटाटे आतच राहू द्या. मग बाजूने हात घालून एक काढा आणि अंगठ्याने घासा. साल निघाली तर अजून थांबा. धीर नसेल तर दोन महिन्यांनी चार कोवळे चोरून काढावेत, मी काढतेच.

जुन्या चादरीवर गोणी पालथी करा. खुरपं वापरू नका, हमखास सगळ्यात मोठाच चिरला जातो. चिरलेला त्याच दिवशी भाजीत घाला. बाकीचे न धुता आठवडाभर हवेशीर सावलीत पसरा आणि मग अंधाऱ्या टोपलीत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलात तर पिठूळपणाची साखर होते आणि काचऱ्या तळताना काळपट पडतात. तीन बटाट्यांच्या गोणीतून मला किलो-दीड किलो मिळतात, करपा आला त्या वर्षी त्याहून कमी.

पुढच्या दिवाळीसाठी बी राखायचा मोह होईल. उन्हाळा शीतगृहाशिवाय निघत नाही, नवं बियाणंच आणा. रिकाम्या झालेल्या मातीत गवार किंवा चवळी लावा. तिथे नजरेतून सुटलेला एखादा बटाटा जूनमध्ये आपसूक उगवेल, भलताच टवटवीत दिसेल. तो उपटा.