भुवईपासून सुरुवात : मुलांना बोलके चेहरे काढायला शिकवताना

मुलाला ‘आनंदी चेहरा काढ’ असे सांगितले, की ते एक गोल काढते, आत दोन ठिपके देते आणि खाली हसरी कमान ओढते. ‘आता दुःखी काढ’ म्हटले, की तीच कमान उलटी होते. यात चूक काही नाही. १९६३ साली अमेरिकेत हार्वे बॉल यांनी काढलेला पिवळा हसरा चेहरा याहून फारसा वेगळा नव्हता. मात्र एवढ्यावर थांबलेल्या मुलाला राग, रुसवा, लबाडी किंवा कंटाळा दाखवता येत नाही, कारण हे भाव तोंडापेक्षा भुवयांत आणि पापण्यांत अधिक असतात. सोलापूरच्या उन्हात मे महिन्याच्या दुपारी मुलांना बाहेर सोडता येत नाही, म्हणून मी त्यांना घरातच चेहरे काढायला बसवते. पुढे सांगितलेली पद्धत त्या दुपारींतूनच हळूहळू बसत गेली आहे.

साहित्य फार लागत नाही. पाठकोरे कागद, मऊ पेन्सिल, एक जाड स्केचपेन, गोल गिरवायला वाटी आणि प्रत्येक मुलाला एक छोटा आरसा पुरेसा आहे. खोडरबर मात्र पहिले काही दिवस देऊ नये, कारण तो हाती आला की मुले काढण्यापेक्षा खोडण्यातच रमतात.

कागदाला हात लावण्याआधी मुलांना आरशासमोर चेहरे करायला लावावेत. केवळ ‘घाबरल्यासारखे कर’ म्हटले तर मुले नाटकी तोंडे करतात, म्हणून खरे निमित्त द्यावे. एकदा एका मुलाने भाकरीबरोबर शेंगाचटणीची मोठी चिमूट तोंडात टाकली. आधी त्याच्या भुवया वर गेल्या, मग डोळे गच्च मिटले, आणि शेवटी ओठांचा चंबू होऊन तो ‘स्स् हा’ करू लागला. दहा सेकंदांत तीन चेहरे झाले होते, आणि बाकीच्या मुलांनी ते तीन चौकटींत क्रमाने काढले. त्या दिवशी मला वेगळे काही शिकवावे लागले नाही.

आता पाया घालावा. वाटीने गोल काढून त्याच्या मधोमध एक आडवी आणि एक उभी पुसट रेघ ओढायला सांगावी. डोळे आडव्या रेषेवर येतात, म्हणजेच डोक्याच्या निम्म्या उंचीवर. मुले ते हमखास कपाळावर चढवतात. लहान बाळाचा चेहरा हवा असेल तर डोळे त्याही खाली घेतले, की कपाळ आपोआप मोठे दिसते. नाक आणि कान कसेही चालतील, फक्त ते एकदा ठरवले की बदलू नयेत.

असा एक चेहरा तयार झाला, की भुवया आणि तोंड न काढता त्याच्या आठ-दहा झेरॉक्स काढून आणाव्यात. जिनिव्हात शाळा चालवणारे आणि चित्रकथा काढणारे रोडोल्फ टोपफर यांनी १८४५ मध्येच चेहऱ्यावरील कायमच्या खुणा आणि भावनेनुसार बदलणाऱ्या खुणा वेगळ्या करून दाखवल्या होत्या. झेरॉक्सची ही युक्ती मुलांना तोच फरक हाताने करून पाहायला लावते.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्याला दोन-तीन दिवस द्यावेत. सर्व प्रतींवर तोंडाची एकच सरळ रेघ काढावी आणि भुवयांच्या जागी खराट्याच्या दोन बारीक काड्या ठेवून त्या फिरवायला सांगावे. नाकाकडची टोके खाली झुकली की चेहरा रागावतो. तीच टोके वर उचलली की तो काकुळतीला येतो. दोन्ही काड्या डोळ्यांपासून उंच नेल्या की आश्चर्य दिसते, आणि एकच उंचावली की ‘खरंच का?’ असा संशय. तोंड जराही हललेले नसताना मुलांना ते रागावल्यासारखे वाटू लागते; काही जण तर तोंड खरेच बदलले नाही ना, हे बोटाने झाकून तपासतात. जी काडी पटली, तिच्या जागी स्केचपेनने रेघ मारावी.

त्यानंतर डोळे घ्यावेत. बुबुळाभोवती सगळीकडून पांढरे दिसले की भीती वाटते, वरची पापणी बुबुळाच्या निम्म्यावर आणली की कंटाळा किंवा झोप, आणि बुबुळे कोपऱ्यात सरकवली की लबाडी. हसताना खालची पापणीही वर उचलली जाते. मनापासूनचे हसू तोंडाबरोबर डोळ्यांभोवतीच्या स्नायूंतही दिसते, असे द्यूशेन या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये मांडले होते. मुलांना त्यासाठी फोटोपुरते हसू आणि खरे हसू आरशात शेजारी शेजारी करून पाहायला सांगितले तरी पुरते.

तोंडाबाबत एकच सूचना पुरे आहे: दात सुटे सुटे काढू नयेत, नाहीतर ओठांत फणी धरल्यासारखी दिसते. एक पांढरी पट्टी सोडावी.

शेवटी भाव मिसळावेत. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावरच्या आकाशपाळण्यात बसलेल्या मुलांचे चेहरे आठवायला सांगावे: तोंड हसत असते आणि भुवया भ्यालेल्या असतात. मग एका वाटीत भुवयांच्या आणि दुसरीत तोंडांच्या चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकेक उचलावी, आणि जी जोडी येईल तो चेहरा कोणाचा व कधीचा असेल, हे ठरवून तो काढावा.

चित्र दुरुस्त करताना मुलाच्या कागदावर आपली रेघ कधीही मारू नये. आपल्या वेगळ्या कागदावर काढून दाखवावे, किंवा त्याहून बरे म्हणजे, ते चित्र काहीही न सांगता घरातल्या कोणाला तरी दाखवावे आणि ‘हिला काय झालंय?’ एवढेच विचारावे. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाने रुसलेली बहीण काढली होती आणि रुसव्यासाठी एक गाल फुगवला होता. घरी तेलुगू बोलणाऱ्या त्याच्या आजीने चित्र निरखून पाहिले आणि दाढ दुखतेय का, असे विचारले. तो खट्टू झाला. पण दुसऱ्या दिवशी त्याने गाल तसाच ठेवून फक्त बुबुळे कोपऱ्यात सरकवली आणि भुवया किंचित खाली आणल्या. या वेळी आजीने विचारले, ‘कोणावर रुसलीय ही?’