जुन्या रॅमशेजारी नवी रॅम बसवताय? या चुका टाळा

जुन्या ८ जीबीच्या स्टिकशेजारी मी ८ जीबीची नवी स्टिक बसवली. विंडोज सुरू झालं, १६ जीबी दिसले आणि मी कॅबिनेटचे स्क्रू आवळून मोकळा झालो. तीन आठवड्यांनी फोटोंची एक मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला डेटा बिघडल्याची खूण) आला. पुन्हा प्रयत्न केला तर ती दुसऱ्याच फोटोवर अडली. मला वाटलं हार्ड डिस्क गेली, म्हणून घाईघाईने सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवला. कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधूनच जाते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. जो डेटा वाचवायला निघालो होतो, तो मीच आणखी बिघडवत होतो.

पीसी चालू झाला म्हणजे रॅम जुळली, असं धरून चालणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची छोटी चिप असते. त्या स्टिकचा स्पीड, टायमिंग (उत्तर द्यायला लागणारा वेळ) आणि व्होल्टेज त्यात नोंदलेलं असतं. बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, ते वाचून दोन्ही स्टिकना झेपेल असं सेटिंग निवडतं, म्हणजे कमी स्पीडच्या स्टिकप्रमाणे दोन्ही चालतात. इथवर सहसा अडचण येत नाही. गडबड होते ती एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडने चालवणारं बायोसमधलं तयार सेटिंग, चालू असताना. माझ्या दोन्ही स्टिकवर स्पीड ३२०० लिहिलेला होता, पण जुनी सीएल १६ आणि १.३५ व्होल्टची, तर नवी सीएल २२ आणि १.२ व्होल्टची. (सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून तो मिळेपर्यंत जाणारे क्लॉकचे ठोके.) डीडीआर रॅम, म्हणजे आजच्या पीसीतली नेहमीची रॅम, क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा पाठवते, म्हणून ३२०० च्या रॅमचं क्लॉक १६०० मेगाहर्ट्झ असतं. (रॅमची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका, ते बरोबर आहे.) या हिशोबाने सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद आणि सीएल २२ म्हणजे १३.७५. जुन्या स्टिकसाठी चालू ठेवलेला एक्सएमपी नव्या स्टिककडूनही १० नॅनोसेकंदांत उत्तर मागत होता. बहुतेक वेळा ती देतही होती. बहुतेक वेळा, म्हणूनच तीन आठवडे काही कळलं नाही.

तेव्हा रॅम घेताना नुसते जीबी आणि स्पीड बघू नका. लेबलवरचं सीएल आणि व्होल्टेजही जुळवा. अगदी तेच मॉडेल वर्षभराने घेतलं तरी आतल्या चिप बदललेल्या असू शकतात. शक्य असेल तर दोन स्टिकचं किट एकदमच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या. डेस्कटॉपच्या स्टिकमध्ये दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. स्टिक बसत नसेल तर जोर लावू नका. जुन्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागत असेल, तर १.५ व्होल्टच्या साध्या डीडीआर३वर तो बहुधा सुरूच होणार नाही. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम घरच्या पीसीला चालत नाही.

८ आणि १६ जीबी एकत्र लावायला मात्र लोक उगाच घाबरतात. बऱ्याच बोर्डांवर दोन्हींतले ८-८ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये (दोन वाटांनी एकाच वेळी, म्हणून जास्त वेगाने) चालतात आणि उरलेले ८ सिंगलमध्ये. रॅम अपुरी पडण्यापेक्षा हे केव्हाही बरं. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक सहसा सीपीयूकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. तरी मॅन्युअल बघाच.

डीडीआर५च्या चार स्टिक लावायचा विचार असेल तर थांबा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या डेस्कटॉप प्रोसेसरवर दोन स्टिकना अधिकृत स्पीड ५२०० आहे, चारना फक्त ३६००. शिवाय नवी डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंगला, म्हणजे बोर्डाने नव्या रॅमशी जुळवून घ्यायला, काही मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते, म्हणून लगेच वीज तोडू नका.

बराच वेळ थांबूनही काही दिसलं नाही तर प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, सीमॉस क्लिअर करा (म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणा) आणि एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून बघा. पीसी चालू होतो पण मधूनच ब्लू स्क्रीन येते किंवा फाइल बिघडतात, असं असेल तर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एक एरर आला तरी तो एररच. स्टिक एकटी असतानाही एरर देत असेल तर ती खराब आहे, वॉरंटीत बदलून घ्या. एकेकटी पास आणि जोडीने नापास, तर दोष बहुधा जुळणीचा: आधी एक्सएमपी बंद करा, तेवढ्याने भागलं नाही तर स्पीड एक पायरी खाली आणा. व्होल्टेजला शेवटी हात लावा, आणि तेही लेबलवरच्या आकड्यापुढे नको. टेस्ट साफ निघेपर्यंत बॅकअप घेऊ नका आणि बायोस अपडेट तर मुळीच करू नका.

एक्सएमपी बंद केल्यावर माझ्या दोन्ही स्टिक २४०० वर आल्या आणि रात्रभरात एकही एरर आला नाही. पण रॅम सुधारली म्हणून आधी लिहिल्या गेलेल्या फाइल सुधारत नाहीत. त्या तीन आठवड्यांत कॉपी केलेला प्रत्येक फोल्डर मी जुन्या बॅकअपशी ताडून पाहिला. जे फोटो त्या बॅकअपमध्ये होते, तेवढेच शाबूत मिळाले.