टाइप १ डायबेटिस असलेल्या मुलाला ओपीडीत नेताना

केसपेपर काढा, नंबर लावा, दोन-तीन तास बाकावर बसा, आणि मग डॉक्टरांसमोर मिळतात जेमतेम दहा मिनिटं. दर तीन महिन्यांची ही फेरी. तीनच महिने का, तर एचबीएवनसी या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर कळते. ती दहा मिनिटं कामी यावीत म्हणून काय करावं, ते अनुभवावरून सांगते.

१. रोजच्या शुगरच्या आकड्यांची वही खरी ठेवा. आमच्या लेकीने एकदा आदल्या रात्री बसून पंधरा दिवसांचे आकडे एकाच निळ्या पेनाने लिहून काढले. सगळे ११० ते १४०. डॉक्टरांनी शुगर मोजायच्या मीटरची मेमरी उघडली, तर आत २८६, ३१२ आणि एक ५८. चूक माझी होती. आकडा मोठा दिसला की मी विचारायचे, "काय खाल्लंस?" आता आकडा नुसता लिहायचा, आणि शेजारी दोन शब्द: "बारशाचं जेवण", "पीटीचा तास", "इंजेक्शन राहिलं". डॉक्टर डोस बदलतात तो या दोन शब्दांवरून.

२. पिशवीत मीटर, वही, आणि घरी वापरता तीच इन्सुलिनची बाटली व सिरिंज घ्या. आपल्याकडे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदींच्या बाटल्या मिळतात. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं केशरी. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गल्लत झाली, तर अडीचपट इन्सुलिन अंगात जातं. मेडिकलवाल्याने बाटली बदलून दिली असेल तर आधी हे तपासा.

३. मुलाला उपाशी नेऊ नका. एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही. दुसरी एखादी तपासणी असेल आणि तसं सांगितलं असेल तरच. एरवी नेहमीचं इन्सुलिन, नेहमीचा नाश्ता. डबा आणि ग्लुकोज पावडर जवळ हवीच, कारण रांगेत शुगर उतरते. ७० च्या खाली गेली तर मोठ्या मुलाला तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासणी. लहानग्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

४. आत गेल्यावर इंजेक्शनच्या जागा दाखवा. दुखत नाही म्हणून मुलं एकाच जागी टोचत राहतात, मग गाठी होतात आणि इन्सुलिन कधी लागू पडतं, कधी नाही. गाठ सोडून नव्या जागी टोचायचं ठरलं, तर डोस कमी करायचा का, हे तिथेच विचारा.

५. उलट्या-तापाच्या दिवसांचा डोस कागदावर मागून घ्या. मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण थांबवणं जिवावर बेतू शकतं.

६. मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की पाच मिनिटं तुम्ही बाहेर थांबा, त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. डोळे आणि लघवीतली प्रथिनं यांची वार्षिक तपासणीही साधारण याच वयात सुरू होते, तेही विचारा.

निघताना नवा डोस मोठ्याने वाचून दाखवा. घाईच्या अक्षरात ६ आणि ८ सारखेच दिसतात. शंका आली तर दारातून परत फिरा, मागचा नंबर कुरकुरला तरी.