संस्थेच्या संकेतस्थळासाठी होस्टिंग निवडताना

सामाजिक संस्थेसाठी वेब होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्यासाठी सर्व्हरवरची भाड्याची जागा, घेताना पहिल्या वर्षाची सवलत पाहून निर्णय घेऊ नये. नूतनीकरणाचा दर अनेकदा बराच जास्त असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटीही लागतो, म्हणून तीन वर्षांचा एकूण खर्च काढूनच तो विश्वस्तांपुढे ठेवावा. संकेतस्थळाशी होणारी माहितीची देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राचे वेगळे पैसे देण्याची सहसा गरज नसते, कारण ‘लेट्स एनक्रिप्ट’ या ना-नफा सेवेकडून ते मोफत मिळते.

दरापेक्षाही महत्त्वाची आहे ती मालकी. एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक ईमेलवर डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि होस्टिंगचे खाते उघडले जाते, पुढे तो कार्यकर्ता संस्थेतून बाहेर पडतो आणि संकेतस्थळाचा ताबा कोणाकडेच उरत नाही. म्हणून नोंदणी संस्थेच्या नावानेच करावी आणि खात्यात किमान दोघांना प्रवेश असावा. खात्याला जोडलेला ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो आणि नूतनीकरणाची सूचना कोणापर्यंतच पोहोचत नाही.

बॅकअप रोज घेतला जातो का, तो आपल्याला उतरवून घेता येतो का आणि पूर्ववत करण्याचे शुल्क किती, हे लेखी विचारावे. ८०जी (देणगीवरील करसवलतीच्या) पावत्यांसाठी घेतलेले देणगीदारांचे पॅन क्रमांक स्वस्त, अनेक ग्राहकांच्या सामायिक सर्व्हरवर ठेवू नयेत. केवळ माहितीची काही स्थिर पाने असतील, तर ‘क्लाउडफ्लेअर पेजेस’सारखी मोफत सेवा पुरेशी आहे.