एनएफएलच्या स्प्रेडवर पैज कशी लावायची (आणि बऱ्याचदा का लावू नये)

माझा मावसभाऊ दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायला आला आणि पहिल्याच सप्टेंबरात ऑफिसमधल्यांचं बघून त्याने फोनवर एनएफएलवर (अमेरिकन फुटबॉलची लीग) बेटिंगचं अ‍ॅप टाकलं. रविवारी संध्याकाळी मला फोन, "दादा, माझी टीम जिंकली तरी पैसे गेले, हे काय प्रकरण आहे?" क्रिकेट बघत वाढलेल्या आपल्या सगळ्यांचं सुरुवातीला हेच होतं, कोण जिंकणार एवढंच डोक्यात असतं. त्याला तेव्हा जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

लहानपणी शर्यत लावताना धाकट्याला दहा पावलं पुढे उभं करायचो ना, स्प्रेड म्हणजे तेच. ईगल्स मायनस ६ लिहिलं असेल तर ईगल्सनी ६ पेक्षा जास्त पॉइंटने जिंकायला हवं, ५ ने जिंकले तर मॅच त्यांची पण पैसे समोरच्या बाजूवाल्यांचे, आणि बरोबर ६ ने जिंकले तर पुश, म्हणजे आपले पैसे परत. १९४० च्या दशकात शिकागोच्या चार्ल्स मॅकनीलने ही पद्धत काढली असं म्हणतात, तो आधी गणित शिकवायचा. मास्तरच असणार, दुसऱ्या कुणाला सुचणार हे.

आता खरी मेख. १०० डॉलर जिंकायला ११० लावावे लागतात, वरचे १० हे बुकचं (पैजा घेणाऱ्या कंपनीचं) दुकान चालवायचं भाडं समजा. २१ पैजांमधल्या ११ जिंकल्या आणि १० हरल्या की ११०० आले आणि ११०० गेले, हातात शून्य. म्हणजे ५२.४ टक्के बरोबर येऊनसुद्धा आपण फक्त जागेवर उभे. वर्षानुवर्षं ५४-५५ टक्के टिकवणारा माणूस भारी समजला जातो, त्यामुळे कुणी ७० टक्क्यांची हमी देऊन पिक्स (कुणावर लावायचं त्या टिपा) विकत असेल तर त्याला सरळ ब्लॉक करा.

मग निवडायचं कसं? टीम नाही, आकडा निवडायचा. "चीफ्स चांगले आहेत" हे बुकला पण माहितीये आणि ते लाईनमध्ये (बुकने काढलेल्या आकड्यात) आधीच धरलेलं असतं. २०२४ चे चीफ्स आठवा, १५ जिंकल्या आणि २ हरल्या असा रेकॉर्ड, पण ब्लॅक फ्रायडेला घरच्या मैदानावर रेडर्ससारख्या पडलेल्या टीमला दहापेक्षा जास्त पॉइंट द्यायचे होते आणि जिंकले १९-१७ ने. चीफ्सवर डोळे झाकून पैसे लावणाऱ्यांचा थँक्सगिव्हिंगचा वीकेंड तिथेच कडू झाला.

म्हणून आधी आपला आकडा काढा आणि मगच अ‍ॅप उघडा, उलटं केलंत तर त्यांचा आकडा डोक्यात बसतो आणि आपला आपोआप त्याच्या जवळ जातो. ३२ टीम्सना सरासरीच्या तुलनेत मार्क द्यायचे. समजा ईगल्स प्लस ५, जायंट्स मायनस २ आणि मॅच जायंट्सच्या घरच्या मेटलाईफ स्टेडियमला. फरक झाला ७, घरच्या मैदानाचा दीड पॉइंट जायंट्सना, राहिले साडेपाच. बुकवर ईगल्स मायनस ३ दिसले तर ईगल्स घ्या, मायनस ७ दिसले तर नाक दाबून जायंट्स घ्या, आणि साडेपाचच दिसले तर मॅच नुसती बघा, चहा घ्या. घरच्या मैदानाचे ३ पॉइंट हा जुना हिशोब होता, आता तेवढे धरू नका. २०२० मध्ये कोविडमुळे स्टेडियम जवळपास रिकामी होती तेव्हा यजमान टीम्सचा रेकॉर्ड १२७ विजय, १२८ पराभव, १ बरोबरी असा झाला होता.

मार्क देताना नुसता स्कोर बघू नका. गेल्या रविवारी एखादी टीम २० ने जिंकली, पण त्यात एक इंटरसेप्शन (समोरच्याचा मधेच पकडलेला पास) थेट टचडाऊनपर्यंत, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे, नेलेलं आणि दोन फंबल (हातून निसटलेले बॉल) त्यांच्याच हाती पडलेले, तर ते पुढच्या आठवड्यात परत होईल असं काही नाही. निसटलेला बॉल कुणाच्या हाती लागतो हे बरचसं नशीबच असतं. त्यापेक्षा दर प्लेला किती यार्ड काढले आणि किती दिले ते बघा, प्रो फुटबॉल रेफरन्स या साईटवर फुकट मिळतं. आणि क्वार्टरबॅक (क्यूबी), म्हणजे पास फेकून टीमचा हल्ला चालवणारा! चांगला क्यूबी बाहेर बसला तर लाईन पाच-सहा पॉइंट सुद्धा हलते, बाकी कुठलाही स्टार बसला तर एखादा पॉइंट, कधी तेवढाही नाही. रविवारच्या मॅचसाठी बुधवार ते शुक्रवार इंज्युरी रिपोर्ट येतो आणि किकऑफच्या ९० मिनिटं आधी कोण खेळत नाहीये त्याची यादी. बर्फाला लोक उगाच घाबरतात, मी वारा बघतो, पण त्याचा परिणाम स्प्रेडपेक्षा एकूण पॉइंटवर जास्त.

आता ३ आणि ७, इथे जरा थांबा कारण माझ्या मते निम्मा खेळ इथेच आहे. फील्ड गोलचे ३, टचडाऊन आणि वरची किक मिळून ७, त्यामुळे निकाल याच फरकांवर येऊन पडतात, साधारण सहा-सात मॅचमधली एक बरोबर ३ ने सुटते आणि त्याखालोखाल ७ येतो. म्हणजे मायनस अडीच आणि मायनस साडेतीन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण मायनस साडेचार आणि साडेपाच यात तेवढा नाही. फेव्हरेट (मायनसवाली टीम) घ्यायचा असेल तर अडीचला घ्या, अंडरडॉग (प्लसवाली टीम) हवा असेल तर साडेतीनची वाट बघा. एकाच वेळी एका बुकवर ३ असतो आणि दुसऱ्यावर साडेतीन, म्हणून दोन-तीन ठिकाणी खातं ठेवायचं. भाजी घेताना चार गाड्यांवर भाव विचारतो, इथे काय लाज? फक्त ३ च्या जागी अडीच दाखवून ११० ऐवजी १२५ मागत असतील तर ती सूट नाही हे पण बघा.

अर्ध्या पॉइंटने काय होतं ते १९७९ च्या सुपर बोलला (एनएफएलची फायनल) बुकवाल्यांनाच कळलं. स्टीलर्स-काउबॉइज, लाईन स्टीलर्स मायनस साडेतीनला उघडली आणि पैसा येत येत साडेचारला गेली, मग निकाल ३५-३१, बरोबर चारचा फरक. सुरुवातीला स्टीलर्स घेतलेले जिंकले, नंतर काउबॉइज घेतलेले पण जिंकले. आणि २००८ मध्ये स्टीलर्स-चार्जर्स ११-१०, शेवटच्या प्लेवर स्टीलर्सच्या पोलामालूने टचडाऊन केला, रेफरींनी तो रद्द केला आणि नंतर चूक झाली म्हणून मान्य केलं. मॅचचा विजेता तोच राहिला, पण चार-साडेचार देऊन स्टीलर्स घेतलेल्यांचे पैसे गेले ते गेलेच. असं तुमच्याबरोबर पण कधीतरी होणार, त्या रात्री दुसरी पैज लावून भरपाई करायला जाऊ नका.

पैशाचं थोडक्यात. जे गेले तर घरात भांडण होणार नाही एवढेच बाजूला काढा आणि एका पैजेला त्यातले एक-दोन टक्के, दरवेळी तेवढेच. पार्ले, म्हणजे अनेक पैजा एकत्र बांधायच्या आणि सगळ्या लागल्या तरच पैसे, ती नको. चार पैजांची पार्ले नुसत्या छापा-काट्याने लागायची शक्यता सोळात एक, म्हणजे नफा पंधरा पट हवा, मिळतो साधारण सव्वाबारा पट. अ‍ॅपवाले ती सगळ्यात वर का दाखवतात ते यावरून समजून घ्या.

हे सगळं न्यू जर्सीसारख्या राज्यांपुरतं, २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर इथे कायदेशीर आहे, वय २१ पूर्ण हवं. सगळ्या राज्यांत नाही, आणि भारतात पैसे लावून ऑनलाईन खेळणं २०२५ च्या कायद्याने बंद केलंय, तर तिकडून कुणी वाचत असाल तर कागदावर आकडे काढून बघा, तेवढीच मजा येते.

शेवटी एक एक्सेल शीट करा. तारीख, मॅच, घेतलेला आकडा, किकऑफच्या वेळचा आकडा आणि कारण. तुम्ही मायनस अडीचला घेतलं आणि लाईन साडेतीनला बंद झाली असं वारंवार होत असेल तर चार पैजा हरलात तरी तुमचं गणित बरोबर चाललंय, उलटं होत असेल तर जिंकताय ते नशिबाने. माझ्या शीटमधल्या कारणाच्या कॉलममध्ये जायंट्ससमोर बरेचदा "वाटलं म्हणून" लिहिलेलं सापडलं, तेव्हापासून जायंट्सच्या मॅच मी फक्त बघतो.